एकशे बारा बार आणि एक ग्लास

“...म्हणजे चांगला बार ओळखायचा कसा, हे आता लोक मला विचारतात, मामा. तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्यायच्या. द्याल ना?”

इनासमामा ग्लास पुसत होते. पुसतच राहिले.

विचारणारा होता सौमित्र गुप्ते. वसईत केळीच्या बागांमागे मामांचा सहा टेबलांचा बार आहे. तिथल्या काउंटरवर त्याने एक जाडजूड फाइल आणून ठेवली होती. बेल्जियमच्या बाहेर चांगली बेल्जियन बिअर कुठे मिळते, त्याचं पुस्तक. एकोणीस देश, एकशे बारा बार, तीन वर्षं. त्यापायी त्याने बँकेतली नोकरी सोडली होती.

पुस्तक सोमवारी सकाळी छापखान्यात जायचं होतं आणि आज रविवार होता. प्रकाशकांचं एकच म्हणणं होतं. ज्यांच्याकडे शिकलो म्हणून तुम्ही जगभर सांगता, त्यांची प्रस्तावना हवी. नाहीतर पुस्तक अडकलंच म्हणून समजा.

तो इथे शिकला होता, हे खरं होतं. इनास तुस्कानो तरुणपणी खलाशी होते. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या बंदरात जहाजावरून उतरले आणि तिथल्या एका म्हातारीच्या बारमध्ये अकरा वर्षं ग्लास धूत राहिले. मग गावी परत येऊन त्यांनी हा बार काढला. आठ वर्षांपूर्वी सौमित्र इथे पहिल्यांदा आला, मठात बनणारी ती काळी बिअर प्यायला आणि मला शिकवा म्हणून हटून बसला. मामांनी त्याच्या हातात ग्लास घासायचा ब्रश दिला. चार रविवार त्याने ग्लास धुतले. पाचव्या रविवारी तो आला नाही. चार रविवारांत सगळं कळावं इतका तो हुशार होता, निदान त्याला स्वतःला तरी तसं वाटत होतं.

“फाइल उघडा तरी,” तो म्हणाला.

मामांनी हातातला ग्लास उजेडात धरला. “काय घेणार?”

“तीच. मठातली काळी.”

“ग्लास बाहेर आहे.”

सौमित्रला आधी कळलंच नाही. मामांनी हनुवटीने खिडकीकडे दाखवलं. तिथे सिलू मास्तर बसले होते. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, रोज दुपारी येणारे. त्यांच्यापुढे रुंद तोंडाचा, उंच दांड्याचा ग्लास होता. अर्ध्याहून जास्त भरलेला. शेजारी बाटली ठेवलेली, तिच्यावरचं नाव मास्तरांकडे वळवलेलं, आणि तळाशी बोटभर गाळ राखलेला. तो प्यायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मास्तर शब्दकोडं सोडवत होते.

बेल्जियन बिअरवाल्यांचा हा जुना रिवाज आहे. प्रत्येक बिअरला तिचा स्वतःचा ग्लास असतो आणि ती त्यातच द्यायची. मठातल्या काळीचे मामांकडे सहा होते. वीस वर्षांत पाच फुटले, आणि सहावा मास्तरांच्या पुढ्यात, म्हणजे ‘बाहेर’ होता.

“दुसऱ्या कशातही द्या,” सौमित्र म्हणाला. “मला चालेल.”

“तुला चालेल.”

एवढं बोलून मामांनी पुढचा ग्लास पुसायला घेतला.

सौमित्रला ते लागलं. माँट्रियलमध्ये बर्फ पडत असताना बारचा मालक त्याला घ्यायला स्टेशनवर आला होता. सिंगापूरमध्ये त्याच्यासाठी खास पिंप उघडलं होतं. आणि ज्या माणसाला तो जगभर गुरू म्हणत हिंडला, तो त्याला एका ग्लासापायी ताटकळत ठेवत होता. हे सगळं त्याने बोलून दाखवलं, जरा चढ्या आवाजातच. मग आपली पद्धतही समजावली. प्रत्येक बारला शंभरपैकी गुण. बिअरचे प्रकार किती, ती किती थंड, फेस किती वेळ टिकतो, वाढणाऱ्याला माहिती काय आहे. ऐंशीच्या खालचा एकही बार पुस्तकात नव्हता.

मामांनी सगळं ऐकून घेतलं.

“एकशे बारा ठिकाणी गेलास,” ते म्हणाले. “नाही कुठे म्हणाले?”

“मला कोण नाही म्हणणार?”

मामांनी आणखी एक ग्लास पुसायला घेतला.

...

“एका ठिकाणी म्हणाले होते,” थोड्या वेळाने सौमित्र म्हणाला. “पण तो बार यादीत नाही. काढून टाकला.”

मामांचा हात थांबला. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि दुपारपासून पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

सांगण्यासारखं फार नव्हतं, असं सौमित्रचं मत होतं. जपानमधलं बंदराचं एक लहान गाव. बार एक बाई एकटीच चालवायची. त्याने एक बिअर मागितली. तिने कमरेत वाकून सांगितलं की तो ग्लास एका पाहुण्याकडे आहे, तुम्ही बसा. दहा मिनिटं तो बसला. मग आपलं कार्ड दाखवलं, पुस्तकाचं सांगितलं. ती पुन्हा तशीच वाकली आणि त्याच्यासाठी पाणी घेऊन आली. तो तडक उठून बाहेर पडला. शंभरपैकी चार गुण दिले होते, नंतर तेही नकोत म्हणून तो बार खोडला.

“नाव काय त्या बारचं?”

सौमित्रने आठवून पाहिलं. फाइलमध्ये ते नव्हतं. वहीत होतं, पण तिथे त्याने रागाच्या भरात असं गिरगटलं होतं की अक्षर लागेना. एकशे बारा नावं त्याला झोपेतून उठवलं तरी म्हणता आली असती.

“आठवत नाही.”

“बस,” मामा म्हणाले.

तो बसला. फार नम्रपणे बसला असं कुणी समजू नये. प्रस्तावना हवी होती म्हणून बसला.

खिडकीपाशी मास्तरांनी एक लहानसा घोट घेतला. उभ्या ओळीतला एक शब्द त्यांना अडला होता, त्याचा प्रश्न ते पुटपुटत होते, आणि उत्तर सौमित्रला इथूनच सुचलं. तो सांगणार, इतक्यात मास्तरांनी पेन्सिल वर करून त्याला गप्प केलं. त्यांना कसलीही घाई नव्हती. बाहेर केळीच्या पानांवरचं ऊन हळूहळू पिवळं झालं. मामांनी पाच-सात ग्लास पुसून फळीवर उपडे घातले.

...

“तीन पायऱ्या उतरून जावं लागायचं,” सौमित्र एकदम म्हणाला.

मामांनी विचारलं नव्हतं.

“दार ठेंगणं होतं. माझं डोकं आपटलं. त्या बाईचे हात गार पाण्याने लाल झालेले होते. आणि तो ग्लास ज्याच्याकडे होता ना, तो एक म्हातारा कोळी होता. रबरी बूट घातलेला. ग्लास दोन्ही हातांनी धरून बसला होता.” तो थांबला. “मी कार्ड दाखवलं तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने प्यायला लागला.”

“मग?”

“मग ती त्याच्याजवळ गेली. हळूच काहीतरी म्हणाली. आणि तो परत सावकाश प्यायला लागला...”

सौमित्रला लाज वाटत होती. पायऱ्या, दार, ते लाल हात, सगळं त्याला दिसत होतं, आणि ज्या बारमध्ये शंभरपैकी सत्त्याण्णव गुण दिले होते तिथलं दार काही केल्या आठवत नव्हतं.

मास्तर उठले. तळाचा गाळही त्यांनी संपवला होता. ग्लास त्यांनी स्वतः काउंटरवर आणून ठेवला, मामांकडे पाहून मान हलवली आणि छत्री टेकत निघून गेले.

मामांनी ग्लास उचलला नाही. तो सौमित्रपुढे सरकवला आणि शेजारी ब्रश ठेवला.

सौमित्रने बाह्या वर केल्या. ग्लास आतून घासला, बाहेरून घासला, साबणाचा वास जाईपर्यंत धुतला, शेवटी गार पाण्याने खळबळून घेतला. उजेडात धरून पाहिला. दांड्यापाशी बोटाचा एक ठसा राहिला होता. त्याने पुन्हा धुतला.

मग मामांनी बाटली उघडली. ग्लास तिरका धरून त्यांनी बिअर ओतली, शेवटी सरळ केला, आणि फेस काठाच्या वर येऊन थांबला. तळाचा गाळ बाटलीत राखून त्यांनी ती ग्लासाशेजारी ठेवली आणि नाव सौमित्रकडे वळवलं.

त्याने पहिला घोट घेतला. त्याला बरं वाटलं, फार दिवसांनी इतकं बरं वाटलं. किती गुण द्यावेत हे त्याच्या मनातही आलं नाही.

अर्धा ग्लास झाला असेल, तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. आत आलेल्या माणसाच्या हातात किल्ल्या होत्या आणि डोळ्यांवर गॉगल. मठातली काळी इथे मिळते असं ऐकून तो खास दादरहून आला होता, हे त्याने बसण्याआधीच सांगितलं. मामा मोरीकडे वळून नळाखाली फडकं धूत होते. उत्तर द्यायला ते वळलेच नाहीत.

त्या माणसाची नजर सौमित्रच्या ग्लासावर गेली. सौमित्रला अवघडल्यासारखं झालं. लांबून आलाय बिचारा. चटकन दोन घोटांत संपवून टाकावं, म्हणून त्याने ग्लास उचलायला हात घातला.

ग्लास हलला नाही. मामा कधी वळले कोण जाणे, त्यांनी ग्लासाच्या पायावर एक बोट ठेवलं होतं.

सौमित्रने त्या बोटाकडे पाहिलं...

“ग्लास बाहेर आहे,” तो त्या माणसाला म्हणाला. “बसा ना.”

“अहो, दुसऱ्या कशातही द्या. मला चालेल.”

“तुम्हाला चालेल,” सौमित्र म्हणाला.

तो माणूस काही वेळ घुटमळला. असं गिऱ्हाईक घालवणारा बार फार दिवस चालायचा नाही, असं काहीतरी पुटपुटला आणि गेला. गाडी बागेच्या रस्त्याने निघून गेल्याचा आवाज आला. मामांनी बोट उचललं.

सौमित्रने उरलेली बिअर सावकाश संपवली. गाळही घेतला. तो कडवट होता आणि त्याला आवडला. मधल्या वेळात मामांनी काउंटरवरची फाइल उचलली. उघडली नाही. खालची ओली जागा पुसली आणि फाइल मागच्या फळीवर, उपड्या ग्लासांशेजारी नीट ठेवून दिली.

“मामा, तो बार पुस्तकात हवा,” सौमित्र म्हणाला. “पहिल्या पानावर.”

“घाल की.”

“नाव नाही माहीत. परत जावं लागेल मला. त्या तीन पायऱ्या शोधत.”

“हं.”

“पण पुस्तक उद्या सकाळी छापखान्यात जायचंय. प्रकाशक विचारणार. त्यांना सांगू काय?”

मामांनी फडकं घट्ट पिळलं आणि दांडीवर वाळत घातलं.

“सांग, ग्लास बाहेर आहे.”