दोन वाड्यांची एक घटका

फार फार मागे, तुमच्या-माझ्या पणज्यांच्याही पलीकडे, वेळ पाण्यावर तरंगायची. खोटं नाही सांगत. मोठ्या घंगाळात पाणी भरायचं आणि त्यावर तळाला बारीक भोक असलेलं तांब्याचं भांडं सोडायचं. भोकातून पाणी आत शिरायचं, भांडं हळूहळू भरायचं आणि डुबकन बुडायचं. झाली एक घटका! मग काशाच्या थाळीवर टोल पडायचा आणि रिकामं केलेलं भांडं पुन्हा पाण्यावर जायचं. रोज उजाडलं की मोजणी पहिल्यापासून.

एका डोंगराच्या उतारावर दोन वाड्या होत्या, एक वरची आणि एक खालची. मध्ये डोंगराचा फुगवटा असल्यामुळे एकीचा टोल दुसरीला ऐकू जात नसे. दोघींना पाणी मात्र एकाच पाटाचं. बाविसाव्या टोलाला वरच्या वाडीने आपली मोरी, म्हणजे पाटातून शेतात पाणी घ्यायचं तोंड, बंद करायची आणि त्याच टोलाला खालच्या वाडीने आपली उघडायची, असा नेम होता. वरची लवकर बंद झाली तर सगळं पाणी खाली येऊन बंद मोरीशी तुंबणार, आणि तुंबलेलं पाणी काय करतं हे सांगायला नको. त्या मोरीच्या बांधाखालीच राहीआत्याचा पानमळा होता. बारा वर्षं जपलेला. आत्याला ना मूल ना बाळ, जे काही होतं ते त्या वेलींवरच.

दोन्ही वाड्यांच्या घटका एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून एक चाल होती. किती साधी आणि किती शहाणी! आज ती आठवली की मला गहिवरून येतं.

खालच्या वाडीची घटका एक म्हातारेबाबा राखत. त्यांचं भांडंही बिनचूक नव्हतं. भर दुपारी अंगणात रोवलेल्या शंकूची सावली सगळ्यांत आखूड कधी होते ते बघून ते आधी स्वतःची चूक काढत. मग पंधराव्या टोलाला राहीआत्या निघायची. चढण चढून वरच्या वाडीत जायची, तिथे कितवी घटका चालली आहे ते बघायची आणि तशीच माघारी फिरायची. ती परतली की बाबा बघत, जाऊनयेऊन चार घटका झाल्या. म्हणजे दोन जायच्या, दोन यायच्या. म्हणजे आत्या वर पोहोचली तेव्हा सतरा घटका झालेल्या असायला हव्यात. वर साडेसतरा झाल्या असतील तर तिथलं भांडं धावतंय. दुसऱ्या दिवशी आत्या मेणाची चिमूटभर गोळी घेऊन जायची. भोकाच्या कडेला ती लावली की भांडं ताळ्यावर.

तुम्ही म्हणाल, चढायला जास्त वेळ लागतो आणि उतरायला कमी, मग निम्मं कसं करायचं? अहो, ते लोक काय आपल्याइतके घाईचे होते? उतरणीवर एक सपाट दगड होता. आत्या त्यावर बसायची, चंची सोडायची, आपल्याच मळ्याचं एक पान लावायची, सावकाश चघळायची आणि मग उठायची. तेवढ्याने चढण-उतरण सारखी व्हायची. दोन वाड्यांचं गणित त्या एका पानावर चालायचं.

आणि आत्या नुसती वेळ नेत नसे. कोणाची म्हैस व्यायली, कोणाच्या लेकीचं ठरलं, हेही तिच्याबरोबर चढत-उतरत असे. वर उभ्याउभ्याच ताकाचा घोट घ्यायची आणि खाली निरोप आणायची. त्या दिवसांत दोन वाड्यांना एकमेकींचं सगळं ठाऊक असायचं.

पुढे वरच्या वाडीत शेषा घटका राखू लागला. मेहनती होता आणि भांड्यावर त्याचा फार जीव. त्याच्या बापाच्या हाती भांडं काळं पडलेलं होतं. शेषाने ते चिंच आणि राखेने रोज घासून आरशासारखं केलं.

"आत्या, तुझे गुडघे दुखतात. कशाला रोज चढतेस?" तो म्हणाला. "बघ माझं भांडं. तोंड दिसतं त्यात! हे कसं चुकेल?"

आत्याने ते बाबांना सांगितलं. बाबा जरा घुटमळले. मग म्हणाले, "पोरगा जागरूक आहे. तूही थकलीस. बस आता."

बघा, इथे तिघेही चुकले. आणि तिघेही चांगल्या मनाने चुकले, त्याचंच मला वाईट वाटतं.

दगडावर धूळ बसली. शेषा घासत राहिला आणि भांड्याचं भोक केसाकेसाने मोठं होत गेलं. त्याची घटका तोकडी झाली. काही महिन्यांनी आत्याला मोरीजवळचा बांध ओला दिसू लागला. "खेकड्यांनी बिळं केली असतील," असं म्हणून तिने दोन पाट्या माती टाकली.

मग एके दिवशी वरच्या वाडीत बाविसावा टोल पडला. शेषाने मोरी बंद केली आणि समाधानाने हात पुसले. खाली बाबांचा अजून एकविसावाच पडला होता. खालची मोरी बंद होती. पाणी आलं, तुंबलं, चढलं आणि बांध फोडून सरळ पानमळ्यात घुसलं. आत्या धावली तोवर वेली मुळांसकट वाहत चालल्या होत्या.

दोन्ही वाड्या फुटलेल्या बांधावर भांडायला जमल्या.

"आम्ही बाविसाव्यालाच बंद केली!" वरचे म्हणाले.

"आम्हीही बाविसाव्यालाच उघडणार होतो!" खालचे म्हणाले.

आणि दोघेही खरं बोलत होते.

बाबांनी घंगाळ आणवलं आणि दोन्ही भांडी एकाच पाण्यावर, एकाच क्षणी सोडली. शेषाचं चकचकीत भांडं भरलं आणि बुडालं. बाबांचं न घासलेलं काळं भांडं अजून तरंगत होतं. ते जरा वेळाने बुडालं.

"एका घटकेला एवढाच फरक," बाबा म्हणाले. "बावीस घटकांचा किती, ते त्या बांधाला विचारा. आणि शेषाला एकट्याला बोल लावू नका. आत्याला बस म्हणणारा मीच."

शेषा आत्यापुढे येऊन म्हणाला, "आत्या, मी एक दिवस चुकलो नाही गं. रोज घासलं, रोज मोजलं."

आत्याने चिखलातून एक वेल उचलली. तिचं टोक अजून हिरवं होतं.

"चुकला नाहीस रे बाळा," ती म्हणाली. "फक्त एकटा मोजत बसलास. आणि आम्ही तुला एकटं सोडलं."

तिने ती वेल पुन्हा लावायला त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवसापासून शेषा भांडं घरच्यांवर सोपवून स्वतः पंधराव्या टोलाला खाली येऊ लागला. उतरणीवर तो त्या दगडाशी थांबे. लावायला पान नव्हतं, म्हणून एक पान संपायला लागे तेवढा वेळ तो रिकाम्या हाताने बसून राही. मग खाली येऊन घटका ताडून घेई, आत्याच्या मळ्यात लावलेल्या त्या वेलीला चार घागरी पाणी घाली आणि चढण चढे.

पुष्कळ दिवसांनी त्या वेलीला पहिलं तळहाताएवढं पान आलं. आत्याने ते खुडून, लावून त्याला दिलं. "दगडावर बसून खा," ती म्हणाली. शेषा तिथे बसला खरा, पण डोळे भरून आल्यामुळे त्याला ते चावता येईना. त्या दिवशी तो वर पोहोचला तेव्हा उशीर झाला होता, आणि वरच्या वाडीत कोणी त्याला त्याबद्दल विचारलं नाही.

बोध एवढाच : आपली घटका जो दुसऱ्याच्या घटकेशी ताडून पाहत नाही, तो स्वतःशी कितीही प्रामाणिक असला तरी चुकलेलाच असतो.