बिनधुराची जीप

एका गावात एक भोळा भाऊ होता आणि त्याला एक शहाणी बहीण होती. भावाचं नाव हैबती. बहिणीचं नाव हौसा, पण सगळं गाव तिला हौसाक्का म्हणे.

हैबती अंगानं दांडगा. सांगाल ते काम करायचा. अडचण एवढीच होती, की तो सांगाल तेच करायचा.

हौसाक्काची एक जुनी जीप होती. चढ आला की ती एवढा काळा धूर सोडायची, की मागून चालणाऱ्याला त्याच्या घरचे ओळखत नसत. आक्कानं ठरवलं, हे बंद करायचं. तिनं गावातल्या बायका जमवल्या, शेड घातली, आणि ती तळून उरलेल्या तेलापासून नि करंजाच्या बियांपासून गाडीचं इंधन करायला शिकली. तालुक्याची एक शाळा म्हणाली, "तुमची जीप काळा धूर न सोडता चढ चढली, तर आमची पोरं तुम्हीच न्या-आणा." तपासायला शाळेचे एक साहेब येणार होते.

आक्का कामाला लागली. हैबतीला म्हणाली, "नाक्यावरच्या भजीवाल्याकडचं उरलेलं तेल घेऊन ये."

हैबतीनं आणलं. तेलात अकरा भजी, दोन मिरच्या आणि भजीवाल्याचा झारा होता.

"अरे, हे काय?"

"तो म्हणाला, उचल सगळं. उचललं."

"गाळून आणायचं रे! वर राहील ते फेकायचं, खाली पडेल ते आणायचं."

"बरं आक्का. पुढल्या वेळी तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी आक्का म्हणाली, "माळावर बायकांनी करंजाच्या बिया गोळा करून ठेवल्यात. पोतंभर घेऊन ये."

हैबती चाळण घेऊन गेला. दिवसभर चाळत बसला. चाळणीवर राहिलं ते ओढ्यात फेकलं, खाली पडलं ते पोत्यात भरलं. संध्याकाळी पोतं आक्कापुढं ओतलं. माती. अगदी बारीक, मऊ माती.

आक्का मटकन खाली बसली. "बिया कुठायत?"

"वर राहिल्या. फेकल्या."

"अरे, बी म्हणजे वरचं कवच फोडून टाकायचं आणि आतलं जपून आणायचं!"

"बरं आक्का. पुढल्या वेळी तसंच करतो."

बायकांनी पुन्हा बिया वेचल्या. हैबतीला वाईट वाटलं. आता चुकायचं नाही, असं त्यानं मनाशी घोकलं.

मग आक्कानं त्याला तालुक्याला धाडलं. जीपच्या पुढच्या दिव्याचा बल्ब आणायचा होता. हैबतीनं बल्ब घेतला, दुकानाच्या पायरीवर ठेवला आणि दगडानं फोडला. आतली केसाएवढी तार रुमालात बांधून आणली.

"कवच टाकलं आक्का. आतलं जपून आणलंय."

आक्कानं डोळे मिटले, उघडले. "हैबती, नाजूक वस्तू पेंढ्यात गुंडाळायची. सुतळीनं आवळायची. वर 'सांभाळून' असं लिहायचं. आणि डोक्यावर घेऊन सावकाश चालायचं."

"बरं आक्का. पुढल्या वेळी तसंच करतो."

साहेब यायचा दिवस उजाडला. आक्का इंधनाचे डबे भरत होती. ती म्हणाली, "हैबती, एसटी थांब्यावर साहेब उतरतील. नाजूक प्रकृतीचे आहेत म्हणे. नीट घेऊन ये."

हैबती पेंढा आणि सुतळी घेऊन निघाला.

साहेब उतरले. हैबतीनं नमस्कार केला आणि गुंडाळायला घेतलं.

"अहो, हे काय चाललंय?" साहेब ओरडले.

"हलू नका साहेब. फुटाल."

दुपारी तो दारात आला. डोक्यावर पेंढ्याचं भलंमोठं बोचकं. बोचक्यावर खडूनं लिहिलं होतं, 'सांभाळून'. बोचकं शिंकत होतं.

आक्कानं धावत सुतळी कापली. साहेबांची हात जोडून माफी मागितली आणि भावावर कडाडली, "पाहुणा दारी आला, की आधी पाणी द्यावं! मग चहा! मग पोट भरेस्तोवर आग्रहानं वाढावं! कळलं?"

"कळलं आक्का."

"जीप दारात उभी आहे. जा, तिचं पोट भर. मी साहेबांचा पेंढा काढते."

हैबतीनं जीपकडं पाहिलं. दारी आली होती खरी. तो लगबगीनं स्वयंपाकघरात शिरला.

तासाभरानं साहेब जीपमध्ये बसले. सगळं गाव दारापुढच्या चढाच्या दोन्ही बाजूंना उभं राहिलं. साहेबांनी खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढून हैबतीला दिला. "हा मागं सायलेन्सरपाशी धर. किती काळा होतो ते बघू."

आक्कानं किल्ली फिरवली. जीप खोकली. गुरगुरली. गप्प झाली. पुन्हा किल्ली, पुन्हा खोकला. मग तेही नाही.

"हैबती, टाकीत काय घातलंस?"

"आधी तांब्याभर पाणी," मागून आवाज आला. "मग चहा, साखर जास्त घालून. मग वरणभात. भात जाईना, बोटानं ढकलला. नको म्हणालीच नाही."

"आणि शेडमधलं इंधन?"

"छे! पाहुणीला कुणी तेल पाजतं का?"

आक्कानं स्टेअरिंगवर कपाळ टेकलं. साहेब कॉलरमधली एक काडी काढत म्हणाले, "टाकी धुऊन घ्या बाई. मी सोमवारी परत येतो. थांब्यावरून चालत येईन."

तेवढ्यात हैबती मागून पळत आला. तोंड आनंदानं फुललेलं. रुमाल त्यानं दोन्ही हातांनी उंच धरला होता.

"साहेब, लिहून घ्या! एवढा वेळ धरला, एक डागसुद्धा नाही!"