सोनूबायने न घेतलेली बैठक

खाडीकाठच्या एका गावात मातीचा एक लांब बांध होता. बांधाच्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला साऱ्या गावाची भातशेती. एका वर्षी भात पोटरीला आलं, कणसं धरायच्या बेतात असताना बांध जागोजागी खचला.

बांधाचं काम तीन पंचांकडे होतं. पण सुरुवात कुठून करायची यावरून त्यांचं बिनसलं. जोमाला ती आपल्या शेताकडून हवी होती, पोशाला आपल्या. मुख्य पंच हिराजी म्हणे, "मी सांगेन तिथूनच." काम अडलं. अवसेचं उधाण जवळ आलं.

शेवटी त्यांनी पलीकडच्या तीरावरच्या सोनूबायला बोलावलं. तिने अनेक गावांचे तंटे मिटवले होते. तिने प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारलं, "तोड निघावी म्हणून तू काय सोडशील?"

"मी कशाला सोडू? त्या दोघांना समजव," हिराजी म्हणाला. जोमा आणि पोशाचंही तेच उत्तर.

सोनूबाय उठली. "तुम्हाला मी हवी आहे ती दुसऱ्याला गप्प करायला. ऐकायची तयारी झाली की बोलवा." आणि ती होडीत बसून निघून गेली.

हिराजी रागातच बांधावरून घरी निघाला. वाटेत पोशाची बायको एकटीच भेगेत चिखल भरत होती. पलीकडे भरती चढत होती. हिराजीने धोतर खोचलं. तोही खाली बसला आणि पाणी ओसरेपर्यंत चिखल भरत राहिला. मग त्याने जोमा आणि पोशाला गाठलं. "माझाच शब्द चालावा म्हणून मी काम अडवलं. चुकलं माझं."

"मी तरी कुठे कोणाचं ऐकत होतो?" जोमा म्हणाला. पोशाने होडी काढली आणि तो सोनूबायला आणायला गेला.

सोनूबाय पुन्हा आली. तिने तोच प्रश्न विचारला.

"सुरुवात कुठून ते मी ठरवणार नाही," हिराजी म्हणाला.

"माझं शेत शेवटी आलं तरी चालेल," जोमा म्हणाला.

"माझंही," पोशा म्हणाला.

"आता बसू या," सोनूबाय म्हणाली. ती सर्वांना घेऊन बांधावर फिरली. सर्वांत कच्ची जागा मधोमध निघाली. तिथे आजवर कोणी पाहिलंच नव्हतं. सारं गाव कामाला लागलं.

उधाण आलं, बांधावर आपटत राहिलं आणि ओसरलं. सकाळी हिराजीने शेतातलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं.

"गोडं आहे," तो म्हणाला, आणि तिथेच मटकन खाली बसून हसू लागला.

तात्पर्य: बाहेरच्या जाणत्याला बोलावण्याआधी आपण स्वतः बदलायला तयार आहोत का, हे पारखावं; ती तयारी नसेल तर त्याचा सल्ला वाया जातो.