निरोपाचा विडा

दवंडी पिटल्याशिवाय कुणाला काही कळायचं नाही, अशा त्या जुन्या काळी डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं आणि त्या नगरात एक मोठं रुग्णालय होतं. नगराला त्याचा केवढा अभिमान! लख्ख सारवलेल्या ओसऱ्या, खाटांवर धुतलेल्या चादरी आणि प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी टांगलेला त्या त्या रोग्याचा कागद. रोग कुठला, औषध कुठलं, लेप कधी बदलायचा, सगळं त्या कागदावर लिहिलेलं असायचं.

रुग्णालयाचे थोरले वैद्य या बाबतीत भारी कडक. औषधाची एखादी पुडी कागदावर लिहायची राहिली, तर दिवसभर त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू.

तिथेच मथुराक्का नावाची एक बाई कामाला होती. तिचं काम औषध देण्याचं नव्हतं, रोग्याजवळ बसून बोलण्याचं होतं. पाणी कुठलं पितोस, जेवतोस काय, चुलीचा धूर घरात कोंडतो का, व्यसन कुठलं, असं ती मायेनं विचारायची. घरी गेल्यावर काय बदललं म्हणजे रोग पुन्हा दाराशी येणार नाही, हे ती त्या रोग्याच्याच तोंडून वदवून घ्यायची. भले भले हट्टी लोक तिच्यापुढे मऊ पडायचे.

पण यातला एक शब्दही कागदावर येत नसे. थोरले वैद्य म्हणत, "बोलण्याचं काय लिहायचं? ते काय औषध आहे?" आणि मथुराक्का तरी काय कमी होती! ती हात झटकून म्हणायची, "मला कशाला हवा कागद? माझ्या सगळं ध्यानात असतं." दोघंही आपापल्या जागी खूश. कुणाचं काही अडत नव्हतं, निदान तसं वाटत तरी होतं.

आता या रुग्णालयाची एक रीत सांगायलाच हवी. बरा झालेला रोगी घरी निघाला की थोरले वैद्य स्वतःच्या हातानं त्याला निरोपाचा विडा द्यायचे. पान, चुना, कात, सुपारी आणि वरून चिमूटभर तंबाखू. हो हो, तंबाखूच! रुग्णालयात! हसा खुशाल. पण मानाची रीत म्हटली की माणसाची अक्कल जरा बाजूला जाऊन बसते. विडा नाकारला तर वैद्यांचा अपमान होतो, असं सगळे मानायचे, आणि समोरच तोंडात टाकायचा अशीही पद्धत होती.

तर एकदा काय झालं, नगराचा दवंडीवाला तुळाजी रुग्णालयात आला. तुळाजीचा आवाज असा खणखणीत, की त्यानं वेशीवर हाळी दिली तर नदीपलीकडच्या मळ्यात बैल कान टवकारायचे. आवाज हेच त्याचं घरदार आणि तीच त्याची ऐट. पण वर्षानुवर्षं गालात तंबाखू धरून धरून त्याचं तोंड आतून सोलवटलं होतं. गालात एक पांढरा चट्टा उठला होता. तिखट तर सोडाच, ताकभातसुद्धा झोंबायचा, आणि मोठ्यानं बोलायला तोंड उघडलं की डोळ्यांत पाणी यायचं.

थोरल्या वैद्यांनी गाल उघडून पाहिला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "चट्टा अजून मऊ आहे, म्हणून वाचलास," ते म्हणाले. "हा कडक झाला, तर मग आमच्यापाशीही इलाज नाही. आवाजच काय, जिवावर बेतेल."

तुळाजी हादरला. औषधाचा लेप सुरू झाला. इकडे मथुराक्का त्याच्याजवळ बसायला लागली. तिनं 'तंबाखू वाईट' वगैरे पाढा वाचला नाही. तिनं विचारलं, "तुळाजी, तल्लफ नेमकी कधी येते रे?"

"जेवण झालं की, अक्का. अगदी कासावीस होतं बघ."

"मग तेव्हा दुसरं काय ठेवशील तोंडात?"

बराच विचार करून तुळाजी म्हणाला, "लवंग चालेल. माझी आई ठेवायची."

झालं! लवंग ठरली. कधी चिडला, कधी मथुराक्कावर डाफरला, पण तुळाजीनं तंबाखू सोडली. तोंड हळूहळू बरं होत आलं आणि घरी जायचा दिवस उजाडला.

त्या दिवशी मथुराक्का बायकांच्या ओसरीत अडकली होती. थोरल्या वैद्यांनी तुळाजीचा कागद पाहिला. लेप पूर्ण, औषध पूर्ण. "शाब्बास!" म्हणून त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि विड्याचं तबक पुढे केलं. मथुराक्काशी त्याचं काय ठरलं होतं, याची त्यांना काहीच कल्पना नव्हती.

तुळाजीनं विड्याकडे पाहिलं. नाही म्हणावं तर एवढ्या मोठ्या माणसाचा अपमान. आणि खरं सांगायचं तर जीवही लालचावला. 'वैद्यच देतायत म्हणजे एवढ्यानं काय बिघडणार?' असं मनाला समजावून त्यानं विडा तोंडात टाकला. व्यसनाला काय, फटीतून आत यायला एवढी जागा पुरते! घरी पोचेपर्यंत त्यानं वाटेतल्या दुकानातून तंबाखूची पुडी घेतली होती.

पुढच्या पौर्णिमेच्या आत तुळाजी परत रुग्णालयात. या वेळी त्याच्यानं बोलवतच नव्हतं. बायकोनं, भागूनं, त्याला हाताला धरून आणलं होतं. मथुराक्का धावत आली आणि त्याचा गाल बघून कळवळली. "अरे, सोडली होतीस ना तू? कुणी दिली तुला?"

तुळाजीनं मान खाली घातली. भागू मात्र गप्प बसणारी नव्हती. "कुणी म्हणून काय विचारता, अक्का? तुमच्याच वैद्यबुवांनी! मानाचा विडा म्हणे! जाळा मेला तो मान!"

थोरले वैद्य तिथेच उभे होते. तुळाजी खुणेनं आणि पुटपुटत सांगायला लागला, "त्यांचा दोष नाही, माझीच जीभ लालचावली, माझीच चूक." आता बघा, थोरल्या वैद्यांना सुटायला किती सोपी वाट मिळाली होती! रोगी स्वतःच दोष अंगावर घेतोय. नुसतं "हं" म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण भागूच्या डोळ्यांकडे पाहून त्यांना ते 'हं' म्हणवेना.

"नाही तुळाजी," ते म्हणाले, "विडा माझ्या हातानं दिला. तू तंबाखू सोडलीस हे मला ठाऊकच नव्हतं, कारण बोलणं कागदावर लिहायचं नाही ही माझीच आज्ञा."

मथुराक्का डोळे पुसत म्हणाली, "आणि मी माझ्या आठवणीचा तोरा मिरवत बसले. माझ्या ध्यानात होतं हो सगळं, पण मी तिथे नव्हते त्याला काय करायचं?"

थोरल्या वैद्यांनी तिथल्या तिथे लेखणी मागवली. तुळाजीच्या कागदावर औषधाखाली त्यांनी स्वतः एक रेघ ओढली आणि मथुराक्काला म्हणाले, "इथे लिहा. काय बोललात, यानं काय कबूल केलं, कधी त्रास होतो, आणि पुढच्या माणसानं काय जपायचं. आजपासून प्रत्येक रोग्याच्या कागदावर."

एका वैद्यांनी कुरकुर केलीच, "एवढं लिहीत बसायचं, मग रोगी कधी बघायचे?" थोरले वैद्य म्हणाले, "दोन ओळी लिहायच्या आहेत, पोथी नाही."

तुळाजीचा गाल तपासताना सगळ्यांनी श्वास रोखून धरला होता. थोरल्या वैद्यांनी बोटानं चट्टा दाबून पाहिला, पुन्हा दाबून पाहिला, आणि हुश्श करून म्हणाले, "मऊ आहे. देवाची कृपा, अजून मऊच आहे." भागूनं तिथेच पदरात तोंड घालून रडून घेतलं.

पुन्हा लेप, पुन्हा लवंग, पुन्हा तल्लफ. पण या वेळी मजा अशी, की ओसरीतला जो कोणी तुळाजीपाशी यायचा, तो आधी कागद वाचायचा. कुणी पहिल्यापासून उपदेश सुरू करत नव्हतं. जेवण उरकलं की लेप लावणारी बाई आपणहून लवंग पुढे करायची. तुळाजीला आश्चर्यच वाटायचं, हे सगळ्यांना कसं बरं ठाऊक!

असं करता करता तोंड पुन्हा बरं झालं. घरी जायचा दिवस ठरला, आणि नेमके त्याच दिवशी थोरले वैद्य दुसऱ्या गावी साथ आली म्हणून निघून गेले. मथुराक्कालाही सोबत नेलं. रुग्णालय सांभाळायला आले परगावचे एक पाहुणे वैद्य. त्यांना ना तुळाजी ठाऊक, ना त्याची तंबाखू. पण मानाचा विडा त्यांना ठाऊक होता, कारण रीत सगळीकडे आधी पोचते.

समोर तबक. त्याला स्वतःचा भरवसा वाटेना. या मोठ्या माणसानं विडा पुढे केला तर आपला हात जाणार, विडा तोंडात गेला की घरी पोचेपर्यंत हातात पुडी येणार, आणि या वेळी चट्टा मऊ राहील कशावरून? भागूनं त्याची बाही घट्ट धरून ठेवली होती.

पाहुण्या वैद्यांनी विडा उचलला. दुसऱ्या हातानं कागद उलगडला. औषध वाचलं, लेप वाचला, आणि मग रेघेखालचं वाचायला लागले. वाचता वाचता त्यांचा विड्याचा हात खाली आला. विडा परत तबकात ठेवून त्यांनी तबकच मागे सारलं.

"अरे वा!" ते म्हणाले. "तुळाजी, तुम्ही मोठं काम केलंत की! मला विडा द्यायचा नाही तुम्हाला. इथे स्पष्ट लिहिलंय. लवंगा द्यायच्या, आणि तुमच्या घराजवळच्या वैद्यालाही हे कळवायचं." आणि त्यांनी लवंगांची पुडी त्याच्या हातावर ठेवली.

तुळाजीच्या अंगातला ताण असा उतरला, की तो लहान पोरासारखा हसायलाच लागला. "वाचलो, भागू, वाचलो!" तो म्हणाला, आणि भागूनं एकदाची बाही सोडली.

पुढे रोग्यांचे कागद साठत गेले. एकदा थोरले वैद्य सगळे एकत्र घेऊन वाचायला बसले, तर ज्याच्या त्याच्या रेघेखाली 'तंबाखू नको' लिहिलेलं. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "आपण देतोय तरी कुणाला हा विडा!" त्या दिवसापासून ती रीत कायमची बंद झाली. जुनी खोडं थोडे दिवस रुसली, मग विसरली.

आणि तुळाजी? सणाच्या आदल्या दिवशी तो डफ घेऊन वेशीवर उभा राहिला. आधी जरा घाबरला. मग त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडून हाळी दिली. कुठे काही दुखलं नाही. भागू तेव्हा नदीवर धुणं धूत होती. आवाज तिच्यापर्यंत स्वच्छ पोचला. दवंडी कशाची आहे हे तिनं ऐकलंच नाही. ती हातातलं धुणं तसंच ठेवून बसली आणि संपेपर्यंत नुसता नवऱ्याचा आवाज ऐकत राहिली.

यातून घ्यायचं तात्पर्य असं: आजारी माणसाला दिलेला चांगला सल्ला आणि त्यानं मोठ्या कष्टानं केलेला निश्चय हेही औषधच आहे. ते लिहून ठेवलं, तरच पुढच्या हाताला ते जपता येतं.