तांबडाजी आणि बोलघेवडे खांब

प्रकाश बोलायचा त्या काळची ही गोष्ट. एका प्रयोगशाळेत तांबडाजी नावाचा लेसरचा किरण राहत होता. समोरच्या भिंतीवर ताराक्का नावाच्या कोळिणीने आपल्या अंड्यांची पिशवी चिकटवली होती आणि तांबडाजी नेमका तिच्यावरच पडायचा. पिशवी तापू लागली.

“भाऊजी, जरा बाजूला व्हा. पोरं भाजतील हो माझी!” ताराक्का रडवेली होऊन म्हणाली.

“बाई, मी वळत नसतो,” तांबडाजी म्हणाला.

एका जाड भिंगाने मध्ये पडून त्याला समजावलं, तर तो एकवटून आणखीच तापला.

शेवटी ताराक्काने टेबलावरची काचेची चकती धाग्याने ओढत त्याच्या वाटेत आणून उभी केली. त्या चकतीवर धुळीच्या कणाहूनही बारीक असे असंख्य खांब होते आणि सगळे भारी बोलघेवडे. तांबडाजी आत शिरताच त्यांनी त्याला धरलं. “कुठले तुम्ही? जेवलात का?” खालच्या सडपातळ खांबांनी त्याला लगेच सोडलं, पण वरच्या जाडजूड खांबांच्या गप्पा संपेनात. त्यामुळे तांबडाजीची खालची बाजू पुढे निघाली, वरची रेंगाळली, आणि तो वळून थेट छतावर जाऊन पडला.

पिशवी गार झाली. ताराक्काने आठही हात जोडले. “वळलात हो भाऊजी!”

“मी? छे!” छतावरून तांबडाजी म्हणाला. “मी सरळच आलो. तुमची खोलीच कुणीतरी वाकडी बांधलीय.”

“हो ना, गवंडीच मेला तसला,” ताराक्का घाईघाईने म्हणाली आणि पिशवीला वारा घालू लागली.