तारे दरबारी हजर

"दसऱ्याच्या आत तारांगण माझ्या दरबारात आलं पाहिजे! आणि एकही तारा जागचा हलता कामा नये. हलला, तर घुमटाची चाकरी गेली म्हणून समज!"

हैबतराव महाराजांनी फर्मान सोडलं आणि ठकू तांबटीण डोक्याला हात लावून बसली. टेकडीवरच्या गोल घुमटात तिच्या आज्याने घडवलेला तांब्याचा गोळा होता. आत दिवा ठेवला, की भोकाभोकांतून उजेड पडायचा आणि घुमटभर आकाश उगवायचं. एकेक भोक आज्याने याच घुमटाचा गोलावा बघून पाडलेलं. दरबाराच्या सपाट छताखाली सप्तर्षींची पार वाट लागली असती! ठकूच्या जिवाला घोर लागला. पण महाराजांना 'नाही' कोण म्हणणार? हट्टाला पेटले, की ते साक्षात ब्रह्मदेवाचंही ऐकत नसत.

शेवटी तिने निरोप धाडला, "हलवण्याआधी महाराजांनी तारे एकदा नजरेखालून घालावेत. मागून एखादा चुकला, तर खापर माझ्या माथी नको."

नवमीच्या दुपारी महाराज लवाजम्यासह हजर! हुजऱ्याने घुमटाखाली गादी अंथरली, दारं लावून घेतली. ठकूने दिवा पेटवला.

"अहाहा!" महाराज मान वर करून बघतच राहिले. मग भानावर येऊन म्हणाले, "बास! आत्ताच्या आत्ता गाड्या जुंपा!"

"गाड्या कशाला, महाराज? तारांगण दरबारात पोचलं की!"

"काय बरळतेस?"

"गेल्या महिन्यात आमराईत आपण निवाडा दिलात. तिथले पाटील म्हणाले, हा काही दरबार नव्हे, मी मानत नाही. तेव्हा आपण काय बोललात?"

महाराजांनी मिशीला पीळ दिला. "ठणकावून सांगितलं, माझी गादी जिथं अंथरली, तो दरबार! आणि..."

ते मध्येच थबकले. खाली गादी, वर तारे!

"मग झालं तर!" ठकू म्हणाली. "दसऱ्याच्या आत पोचलं, आणि तारा एकही हलला नाही."

कारभाऱ्यांना एकाएकी खोकला आला. महाराजांनी डोळे वटारले. "अगं भवाने! आणि मी ही गादी उचलून चालता झालो तर?"

"दरबारात आणायचा हुकूम होता, तो मी पाळला. आता दरबारच उठून गेला, तर त्यात बिचाऱ्या ताऱ्यांचा काय दोष?"

महाराज असे हसले, असे हसले, की घुमट दणाणून गेला! हातातलं कडं काढून त्यांनी ठकूच्या ओंजळीत टाकलं.

"कारभारी, गाड्या परत पाठवा! उद्याचं सोनं इथंच लुटायचं. यापुढे दसऱ्याचा दरबार दरसाल ठकूच्या घुमटाखाली!"