येसबानं धरलेला सूर

बसा. पुढं सरकून बसा, मागं ऐकू यायचं न्हाई. आन आधीच सांगतो, ह्या गोष्टीचा शेवट ज्यो वळखंल त्येला माझी टोपी. कुणाला वाटंल, गडी जळका हाय, म्हंजे शेवटी त्येची खोड मोडणार. कुणाला वाटंल, शाणा व्हणार आन देवळात जाऊन बसणार. बघा डोकं लावून. तवर मी सांगतो.

लई वर्सांमागं, जवा घाटावर मोटार सोडा, सायकल बी चढली नव्हती, तवा उंबरधारेत दोन सनईवाले व्हते. मल्हारी आन येसबा. मावसभाऊ. मल्हारी गत वाजवायचा, म्हंजे गाण्याची चाल. त्येची बोटं सनईवर अशी पळायची की साळुंक्या आंब्यावरनं खाली उतरून ऐकायच्या, असं म्हणत्यात. आन येसबा सूर धरायचा. सूर धरायचा म्हंजे मल्हारीच्या मागं उभं ऱ्हायचं, गाल फुगवायचे आन एकच आवाज सोडत ऱ्हायचं. नाकानं वारा आत, तोंडानं भाईर. गत संपंस्तोवर तुटू द्यायचा न्हाई. बोट हलवायचं कामच न्हाई.

गत संपली की लोक म्हणायचे, "मल्हारी, काय वाजवलंस लेका." येसबाला कोण काय म्हणणार? बारकी पोरं त्येच्यापुढं येऊन गाल फुगवायची आन पळून जायची.

दिवाळीत पहिल्या आंघोळीच्या पहाटं दोघं दारोदार वाजवत फिरायचे. बाया ताट घेऊन भाईर यायच्या. ताटातली सगळ्यात फुगीर, काठाला मुरड घातलेली करंजी मल्हारीच्या हातावर. येसबाच्या हातावर फुटकी, न्हाईतर शेवंचा चुरा. मल्हारी करंजी चावायचा तवा कर्र आवाज व्हायचा, आन येसबाला वाटायचं आपलंच हाड मोडलं. घरी आला की बायकोपुढं बसायचा.

"आज तानूआत्यानं त्येला खोबऱ्याची दिली."

"मग मी करते की तुमाला खोबऱ्याची."

"तुझी नगं. तानूआत्याची पायजे. आन त्येच्या आधी पायजे."

"ल्हान हाय का तुमी?" बायको म्हणायची आन चुलीकडं त्वांड फिरवून हसायची.

मग गोऱ्या सायबाची जर्मनशी लढाई लागली. उंबरधारेतनं घरटी एक गडी अरबांच्या मुलखात, बसऱ्याकडं गेला. मधी सगळा दर्या. त्या साली दिवाळी आली तरी गावात कढईचा वास न्हाई. पाटील म्हणाला, "पोरं तिकडं गोळ्या खात्यात, आपण इकडं करंज्या खायाच्या?" तवा मल्हारी म्हणाला, "करंज्या नगा करू. पर सनई वाजणार. ज्या दारात सनई वाजती त्या दारात कुणीतरी यायचं असतंय."

आन वाजली. बायांनी डोळं पुसून पणत्या लावल्या. मागनं त्यातल्या बऱ्याच घरी खुशालीचं टपाल आलं. झालं. गावानं मनाशी बांधलं की मल्हारीची सनई दारात वाजती तवर पोरगा जित्ता. बाया मल्हारीच्या पायावर पाणी घालाय लागल्या. येसबाचं पाय शेजारीच व्हतं, धुळीनं भरल्यालं. कुणी तांब्या तिकडं वळवला न्हाई.

येसबा वरीसभर आतनं धुमसत ऱ्हायला. आन दुसऱ्या दिवाळीला त्येनं ठरवलं, भर गतीत सूर सोडायचा. बघू दे गावाला, माझ्याबिगर ह्येची सनई कशी लागती. कुठं सोडायचा? तानूआत्याच्या दारात. तिथं सगळं गाव जमायचं. तानूआत्या रांडमुंड बाई, एकुलता एक ज्ञानू लढाईवर, आन पावसाळ्यापास्नं त्येचं टपाल बंद झाल्यालं.

पहाट झाली. तानूआत्या पणती घेऊन उंबऱ्यात उभी ऱ्हायली. मल्हारीनं गत अशी रंगवली की मान डोलवंना असा माणूस न्हाई. आन तिथंच येसबानं सनई खाली घेतली.

मल्हारीची गत लंगड्या कुत्र्यावाणी दोन पावलं गेली आन बसली. येसबा वाट बघत व्हता, आता लोक हसतील.

कुणी हसलं न्हाई. तानूआत्यानं फूक मारून पणती इझवली.

"गेला," ती म्हणाली. "माझा ज्ञानू गेला."

मल्हारी म्हणाला, "आत्ये, मी वाजवतो की परत."

"तुझं काय रं. तुझं वर जातंय, खाली येतंय, मला म्हातारीला त्यातलं काय कळतंय? मी ह्येचं ऐकते. ह्येचा कवा तुटत न्हाई. वाटायचं, ह्यो हाय तवर माझा हाय."

 जिच्या करंजीपायी येसबा जळून कोळसा झाला, ती बाई इतकी वर्सं त्येलाच ऐकत व्हती.

"तुटला न्हाई गं आत्ये," त्यो म्हणाला. "दम घेतला."

"तू कवा दम घेतलास?"

येसबानं सनई परत वर घेतली. मग म्हणाला, "पणती लाव. आता ज्ञानू दारात येईस्तोवर न्हाई घेणार."

आन त्यो तानूआत्याच्या ओट्यावर बसला, गाल फुगवलं, सूर धरला.

हितनं पुढचं ज्येला पटंल त्येनं घ्यावं. दिवाळी सरली, तुळशीचं लगीन झालं, हरभऱ्याला घाटं धरलं, तरी येसबाचा सूर तुटला न्हाई, असं म्हणत्यात. बायको व्हटाच्या कोपऱ्यातनं पेज सोडायची. झोपला तरी गाल चालू. चिमण्यांनी त्येच्या पागोट्यात घरटं केलं, पिल्लं उडून बी गेली. गावातली तान्ही पोरं त्या आवाजावर झोपायची, आन लढाईवर गेल्यांच्या बाया दळताना जात्याचा आवाज त्याच सुराला लावायच्या. तानूआत्याची पणती काय इझली न्हाई.

आन आता मजा बघा. सगळं गाव येसबाच्या भवती. त्येच्या पायावर पाणी, त्येच्या गळ्यात झेंडूची माळ. मल्हारी रोज यायचा, दोन गती वाजवायचा, कुणी मान वर करून बघायचं न्हाई. मल्हारीला आतनं भाजाय लागलं. त्यो येसबाच्या कानाशी वाकायचा आन म्हणायचा, "सोड की आता. लई झालं कवतिक." येसबा गाल फुगवून त्येच्याकडं बघायचा, आन खोटं कशाला सांगू, त्येला लई बरं वाटायचं.

एका धुक्याच्या सकाळी घाटाकडनं काठी टेकत एक गडी उतरला. एक पाय आखूड, दाढी छातीवर. ज्ञानू. म्हणाला, "वर धुक्यात वाट चुकलो व्हतो. ह्या आवाजाच्या मागं आलो. पर ह्यो आवाज मला तिकडं वाळूत पडलो व्हतो तवाबी येत व्हता." सगळ्यांचे आले न्हाईत. चार दारं कायमची सुनी ऱ्हायली, त्येबी सांगितलं पायजे. पर ज्ञानू आला.

येसबानं सनई खाली घेतली. व्हटाची साल सनईच्या तोंडाच्या पत्तीबरोबर निघून आली.

तानूआत्यानं कढई चढवली. म्हणाली, माझी दिवाळी आज. आन पहिली करंजी येसबाला.

ती करंजी मल्हारीच्या पोटात खुपली. आत्या ज्ञानूच्या गळ्यात पडून रडत व्हती तवा मल्हारीनं ताटातली पहिली तळायची कच्ची करंजी उचलली, काठ उकलला, आतलं सारण काढलं, मूठभर मीठ भरलं आन काठ दाबून ठेवली. मनात म्हणाला, थुकू दे गावासमोर.

तानूआत्यानं करंजी आणली. सगळं गाव बघतंय. येसबानं ह्या घासासाठी सगळा जन्म काढल्याला. त्येनं चावली. कर्र आवाज झाला. दातांना कळलं काहीतरी फुटलं. मग जिभंनं वाट बघितली. काही आलं न्हाई. त्येनं परत चावलं. ग्वाड न्हाई, खारट न्हाई, काहीच न्हाई. इतकं महिनं पत्ती तोंडात धरून जिभंची चवच मेली व्हती. त्येनं वर बघितलं. तानूआत्या डोळं मोठं करून उभी.

"कशी झालीय रं?"

"ग्वाड," येसबा म्हणाला. "लई ग्वाड."

मल्हारीचं हसू व्हटावरच वाळलं. त्यो जागचा उठला, येसबाच्या हातातली उरल्याली अर्धी करंजी काढून घेतली, आन सगळ्यांदेखत ती मिठाची करंजी चावून गिळली. डोळ्यांत पाणी भरलं.

"व्हय," मल्हारी म्हणाला. "ग्वाड हाय."

मिठाचं मागनं मल्हारीनंच गावाला कबूल केलं. अजून बी उंबरधारेत पहिल्या आंघोळीला घरोघर पहिली करंजी मिठाची तळत्यात. दारात सनई येती. आधी निस्ता सूर, गत मागनं. लढाईवर कुणी असू दे नसू दे, घरातलं ल्हानथोर त्या करंजीचा तुकडा चावत्यात आन त्वांड वाकडं न करता म्हणत्यात, ग्वाड हाय. मग ताट उघडतंय.

येसबाला पुढं मरंस्तोवर गावातली पहिली ग्वाड करंजी मिळाली. सगळ्यात फुगीर, मुरड घातल्याली. त्यो ती दोन्ही हातांनी घ्यायचा आन मल्हारीला घेऊन गोठ्यामागं जायचा. मल्हारी एक घास खायचा.

"कशी हाय रं?" येसबा इचारायचा.

आन मल्हारी सांगायचा, खोबरं किती, वेलदोडा किती, गूळ कसा. मग येसबा चावायचा.